प्रश्न तुमचे, उत्तर बाईंचं: वर्गमुळाखालचा क्ष

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेले की वर्गमुळाच्या खाली चल आणि त्याच्या डोक्यावर घात आला की चांगली चांगली मुलं अडखळतात, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचं सगळं बाजूला ठेवून हाच विषय घेतेय. एक सूचना आधी. इथे घात वर छोट्या अक्षरात छापायची सोय नाहीये, म्हणून मी ^ ही टोपी वापरलीय, म्हणजे क्ष^३ दिसलं की क्षचा तिसरा घात असं वाचायचं. सेमीवाली मुलं एक्स म्हणतील, म्हणू देत, आम्ही क्ष म्हणतच मोठे झालो.

प्रश्न: बाई नमस्कार. मुलगा नववीत आहे. परवाच्या टेस्टमध्ये √(क्ष^१६) आलं होतं, त्याने क्ष^४ लिहिलं आणि मार्क गेला. तो म्हणतो आई १६ चं वर्गमूळ ४ च ना, मग चुकलं काय? मी पण त्याच्या बाजूने तावातावाने बोलले आणि मग उत्तर बघितलं तर क्ष^८. मी कॉमर्सवाली, आता त्याला काय सांगू?
एक आई, डोंबिवली

उत्तर: अहो ताई, तुमचा मुलगा एकटा नाहीये, मी शिकवत होते तेव्हा दर वर्षी वर्गात निम्मी मुलं हेच लिहायची आणि गंमत म्हणजे हुशार मुलं जास्त लिहायची, कारण त्यांना १६ दिसला की हात आपोआप ४ कडे जातो.

त्याला विचारा, क्षच्या डोक्यावर बसलेला १६ कशाची संख्या आहे? तो गुणाकारातला १६ नाही, ती मोजणी आहे. सोळा क्ष एका रांगेत उभे आहेत आणि एकमेकांना गुणतायत, एवढंच तो सांगतो. वर्गमूळ काढायचं म्हणजे या रांगेचे दोन सारखे गट करायचे, असे की एका गटाला दुसऱ्याने गुणलं की परत पूर्ण रांग मिळाली पाहिजे. सोळा जणांचे दोन सारखे गट कितीचे? आठ-आठचे. म्हणून क्ष^८. चार-चारचे दोन गट केले तर आठच जण झाले, उरलेले आठ कुठे गेले?

नाहीच पटलं तर क्षच्या जागी २ ठेवायला लावा. २ चा १६ वा घात ६५५३६, कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ दाबा, २५६ येतं, आणि २५६ म्हणजे २ चा ८ वा घात. त्याचं उत्तर खरं असतं तर २ चा चौथा घात म्हणजे १६ यायला हवा होता, आणि १६ गुणिले १६ होतात फक्त २५६. कुठे ६५५३६ आणि कुठे २५६.

आता हे खूळ डोक्यात शिरतं कुठून ते पण सांगते, कारण ते कळलं की ओरडावंसं वाटत नाही. शिकवताना पहिलं उदाहरण आपण हमखास √(क्ष^४) देतो, उत्तर क्ष^२. ४ चा निम्मा पण २ आणि ४ चं वर्गमूळ पण २! मूल मनातल्या मनात वर्गमूळ काढतं, उत्तर बरोबर येतं, शाबासकी मिळते, आणि चुकीची रीत पक्की होते. मी शेवटी शेवटी पहिलं उदाहरण √(क्ष^६) द्यायला लागले, ६ चं वर्गमूळ कोणाला सरळ येत नाही त्यामुळे निम्मं करण्याशिवाय गत्यंतरच नसतं. आणि मग दुसरं √(१६ क्ष^१६). एकाच गणितात दोन १६, खालच्याचं वर्गमूळ ४, वरच्याचा निम्मा ८, उत्तर ४क्ष^८. हे एक गणित वहीत ठळक लिहून ठेवायला सांगा त्याला.

प्रश्न: नमस्कार मॅडम, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. √(क्ष^७) चं उत्तर मी क्ष^३√क्ष काढलं. रूममेट म्हणतो सरळ क्ष^३.५ लिही, निम्मं करायचं ना, ७ चे निम्मे साडेतीन. कोण बरोबर?
परभणीहून

उत्तर: अरे दोघंही बरोबर, उगाच भांडू नका. सात जणांच्या तीन जोड्या लागल्या, प्रत्येक जोडीमागे एक क्ष बाहेर, म्हणून बाहेर क्ष^३, आणि सातवा एकटा राहिला तो वर्गमुळाच्या छपराखालीच बसला. ही तुझी रीत. रूममेटच्या साडेतीनमधला जो 'अर्धा' आहे ना तोच तुझ्या छपराखालचा एकटा क्ष, कारण घात १/२ म्हणजेच वर्गमूळ. आपल्याला साडेतीनचं काय वावडं? मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, आणि वणीचं सप्तशृंगीचं पीठ अर्धं म्हणून कोणी दर्शन अर्धं घेत नाही.

फक्त परीक्षेत 'सरळ रूप द्या' म्हटलं असेल तर तुझं लिही, पर्यायांत तेच असतं. पडताळा हवा तर क्ष = ४ घे. ४ चा सातवा घात १६३८४, वर्गमूळ १२८. आणि ४ चा घन ६४, गुणिले √४ म्हणजे २, झाले १२८. तुम्हा परीक्षावाल्यांना तर ही चांगली सवय आहे, दोन पर्यायांत अडकलास की क्षला ४ किंवा ९ देऊन टाकायचं आणि बघायचं कोण टिकतं. १ देऊ नको, १ ला सगळेच घात सारखे, तो कोणालाच पकडून देत नाही.

प्रश्न: बाई, आकडा, दोन-तीन चलं, सम घात विषम घात सगळं एकाच छपराखाली असलं की माझा गोंधळ होतो. एक मोठं उदाहरण स्टेप बाय स्टेप करून दाखवाल का प्लीज.
दहावीतली मुलगी, कणकवली

उत्तर: दाखवते की. √(७२ क्ष^५ य^८ प) घेऊ आणि सगळी चलं धन आहेत असं धरू, ती ऋण असली तर काय ते पुढच्या पत्रात येतंय.

आधी सगळ्यांना वेगवेगळं कर, एकदम गिळायला जाऊ नको. ७२ मधून मोठ्यात मोठी वर्गसंख्या काढ, ३६ गुणिले २. इथे मुलं ९ गुणिले ८ करतात, ३ बाहेर काढतात आणि √८ तसंच ठेवून पुढे जातात, मग उत्तर अर्धवट राहतं कारण ८ मध्ये अजून एक ४ लपलेला असतो. चूक नाही ती, पण परत एकदा आत जाऊन बघायचं. मग क्ष^५, त्यातले चार जोडीत, एक एकटा, म्हणजे क्ष^४ गुणिले क्ष. य^८ पूर्ण जोडीत. प बिचारा एकटाच.

आता बाहेर कोण येणार? ३६ मधून ६, क्ष^४ मधून क्ष^२, य^८ मधून य^४. आत कोण राहणार? २, एक क्ष, एक प. उत्तर ६क्ष^२य^४√(२क्षप).

आता मी सांगते म्हणून मान्य करू नको, क्ष = २, य = १, प = १ ठेव. आत ७२ गुणिले ३२ म्हणजे २३०४, त्याचं वर्गमूळ ४८. उत्तरात ६ गुणिले ४ गुणिले √४, म्हणजे २४ गुणिले २, ४८. आलं ना?

आणि एक, हस्ताक्षराचं. करणीचिन्हाची, म्हणजे या √ ची, वरची आडवी रेघ शेवटच्या अक्षरापर्यंत ओढ गं. तुम्ही मुलं ती २ वरच सोडून देता, मग क्ष आणि प छपराखाली आहेत का अंगणात हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि दोन ओळींनंतर तुझं तुलाच कळत नाही.

प्रश्न: बाई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत असतो. मुलीला शाळेत अल्जेब्रा आहे. √(क्ष^६) ला तिने क्ष^३ लिहिलं, तर टीचरने अर्धा मार्क कापून दोन उभ्या रेघांत |क्ष^३| लिहून दिलं. पण √(क्ष^८) ला क्ष^४ लिहिलं तिथे काहीच कापलं नाही. आम्ही इथे दोघंही इंजिनियर, आपल्याकडे शिकलेलो, आम्हाला हे कोणी शिकवलंच नव्हतं किंवा आम्ही विसरलो. हा टीचरचा काटेकोरपणा आहे का खरंच काही आहे?
आई-बाबा, न्यू जर्सी

उत्तर: खरंच आहे हो, आणि या वेळचं माझं सगळ्यात आवडतं पत्र हे. दोन उभ्या रेघा म्हणजे केवलमूल्य, आपल्याकडे नववीच्या पुस्तकात वास्तव संख्यांच्या पाठात येतं ते. पण करणीचा पाठ आणि केवलमूल्याचा भाग शेजारी शेजारी राहूनही एकमेकांच्या घरी जात नाहीत, त्यामुळे मुलांच्या डोक्यात ते जुळत नाही.

क्षला -२ ठेवा. -२ चा सहावा घात ६४, कारण सहा उणे चिन्हं जोडीजोडीने मिटली. √६४ किती? ८. आता मुलीचं उत्तर, क्ष^३, म्हणजे -२ चा घन, -८. उणे आलं! आणि √ हे चिन्ह कधीच उणं उत्तर देत नाही, तो त्या चिन्हाचा ठरलेला अर्थ आहे, शून्य किंवा धन तेवढंच. म्हणून त्या -८ चा उणेपणा काढून टाकायला दोन रेघा. क्ष^८ ला मात्र -२ दिलं तर आत २५६, वर्गमूळ १६, आणि क्ष^४ पण १६, कारण चौथा घात कधी उणा होतच नाही, मग रेघा कशाला? टीचरने बरोबर केलंय.

म्हणजे ओळखायचं असं, आत सम घात होता आणि बाहेर येताना विषम झाला, की रेघा. ६ चा ३ झाला, रेघा. १० चा ५ झाला, रेघा. २ चा १ झाला, रेघा, म्हणजे √(क्ष^२) चं खरं उत्तर |क्ष|, नुसतं क्ष नाही, आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. √(४९ क्ष^६ य^४) असेल तर ७|क्ष^३|य^२, रेघा फक्त क्षला, यला नको.

मग √(क्ष^५) ला क्ष^२√क्ष लिहिताना रेघांचं काय? तिथे प्रश्नच येत नाही. क्ष उणा असता तर क्ष^५ उणा झाला असता आणि वास्तव संख्यांत उणेचं वर्गमूळ नाही, म्हणजे गणित लिहिलं त्याच क्षणी क्ष उणा नाही हे ठरलं. विषम घात दारातच ओळखपत्र तपासतो, सम घात कोणालाही आत सोडतो, म्हणून त्याला बाहेर पडताना तपासावं लागतं.

तुम्ही दोघांनी हे शिकला नसाल असं नाही, बऱ्याच पुस्तकांत स्वाध्यायाच्या वर एक ओळ असते, 'सर्व चल धन आहेत असे समजा', आणि ती कोणी वाचत नाही. ती ओळ असली तर रेघा नाही दिल्या तरी चालतं, मुलीला म्हणावं प्रश्नाच्या वरची बारीक ओळ आधी वाच. माझंही सांगते, नोकरीची पहिली काही वर्षं मी पण 'घात निम्मा करा, संपलं' एवढंच शिकवायचे, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं की बाई क्ष उणा असला तर? मी म्हटलं ते आपल्याला नाहीये परीक्षेला. त्याचा चेहरा अजून आठवतो. प्रश्न बरोबर होता आणि मी उत्तर टाळलं होतं, मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं हे खरं कारण.

इंजिनियर आहात तर अजून एक गोष्ट. 'क्ष^२ = ९ तर क्ष किती' याला दोन उत्तरं, ३ आणि -३. 'कॅल्क्युलेटरवर √९ किती' याला एकच, ३. अधिक-उणे येतं ते समीकरण सोडवताना आपण लावतो म्हणून, ते √ च्या पोटातून येत नाही. आणि √ तोडताना पण जपून. १ = √१ = √((-१)(-१)) = √(-१) गुणिले √(-१) = -१ असं करून १ आणि -१ सारखे दाखवणारा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो, त्यातली खोड हीच की दोन्ही ऋण असताना वर्गमूळ असं दोघांत वाटता येत नाही.

प्रश्न: √(क्ष^२ + य^२) = क्ष + य का नाही? दोघांचे पण घात निम्मे केले की मी.
दहावी, सोलापूर

उत्तर: क्षला ३ दे, यला ४ दे. आत २५, वर्गमूळ ५. तुझं उत्तर ७. तुझं खरं मानलं तर काटकोन त्रिकोणात ३ आणि ४ च्या बाजूंचा कर्ण ७ होईल, म्हणजे शेताच्या कडेने चालत गेलास काय आणि आडवं मधून गेलास काय, अंतर सारखंच! आडवी पायवाट मग पडलीच नसती. जोड्या लावून बाहेर काढायचं ते फक्त गुणाकारातल्यांना, मध्ये अधिक-वजा असलं की हात लावायचा नाही, आधी अवयव पाडायचे. √(क्ष^४ + क्ष^२) असेल तर क्ष^२ सामाईक काढ, √(क्ष^२(क्ष^२ + १)), मग |क्ष|√(क्ष^२ + १). आतलं क्ष^२ + १ तसंच राहतं, त्याला हात नको. आणि √(क्ष^२ + ६क्ष + ९) मात्र सुटतं, कारण ते गुपचूप (क्ष + ३) चा वर्ग आहे, उत्तर |क्ष + ३|.

प्रश्न: बाई, माझं वय ७१. आमच्या वेळी वर्गमुळातल्या न सुटणाऱ्या संख्येला करणी म्हणायचे, आणि गावात करणी म्हटलं की लिंबू आणि बाहुली. मला तेव्हापासून उत्सुकता आहे, हा शब्द गणितात आला कसा? आमच्या भागातले भास्कराचार्य, त्यांच्याकडे हे होतं का?
चाळीसगाव

उत्तर: काका, लिंबू-बाहुलीवाल्या करणीवरून वर्गात हशा व्हायचाच, मी तो होऊ द्यायचे, शब्द लक्षात राहतो. गणितातली करणी फार जुनी, शुल्बसूत्रांतली. यज्ञाच्या वेदी दोरीने आखायच्या, त्यात चौरस 'करणारी' बाजू ती करणी. चौरसाच्या कर्णावर दोरी ताणली आणि त्या लांबीचा नवा चौरस केला की क्षेत्रफळ बरोब्बर दुप्पट होतं, म्हणून त्या कर्णाला द्विकरणी म्हटलंय, म्हणजे आपलं √२.

आणि भास्कराचार्यांकडे होतं म्हणजे काय, सगळंच होतं. ११५० च्या सुमाराचं त्यांचं बीजगणित, त्यात अज्ञात राशीला यावत्तावत्, लिहिताना नुसतं 'या'. तिचा वर्ग 'याव', घन 'याघ', आणि चौथा घात म्हणजे वर्गाचा वर्ग 'यावव'. करणीसाठी आकड्याआधी 'क'. आता बघा गंमत, यावव चं वर्गमूळ काय? याव. एक व पुसला की झालं! √ हे चिन्ह छापलेलं दिसतं ते १५२५ मध्ये, रुडॉल्फ नावाच्या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या गणितज्ञाच्या पुस्तकात, त्यावरची आडवी रेघ आणि डोक्यावरचे घाताचे आकडे देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ मध्ये रुळवले. आणि तोही वर्ग लिहिताना बऱ्याचदा २ चढवायच्या ऐवजी अक्षरच दोनदा लिहायचा, क्षक्ष असं. जोडी डोळ्यांना दिसते त्यात.

न्यू जर्सीच्या पत्रातला मुद्दा पण भास्कराचार्यांनी सांगून ठेवलाय, धन संख्येची मुळं दोन, एक धन एक ऋण, आणि ऋण संख्येला मूळ नाही कारण ती कुणाचा वर्गच नसते. तुम्ही चाळीसगावचे, पाटणादेवीला जाऊन आला असालच. तिथला शिलालेख १२०७ चा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याबद्दलचा, आणि तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पुढच्या वेळी नातवंडांना घेऊन जाल तेव्हा त्यांना 'याव' सांगा, फोटो काढून कंटाळली की.

प्रश्न: बाई मी सातवीत आहे. दादाला शिकवताना मी ऐकलं की जोडीतला एक बाहेर येतो. मग दुसरा कुठे जातो?
डोंबिवली

उत्तर: पहिल्या पत्रातल्या आईंनी याच पाकिटात हे दुसरं पत्र टाकलं होतं, धाकटीचं. अगं, दादाला 'जोडीतला एक बाहेर' असं शिकवतात आणि दुसऱ्याचं काय झालं हे सांगायचं राहूनच जातं.

तुमच्या घरात चौकोनी फरशी असेल, बारा इंच गुणिले बारा इंच अशी. तिचं क्षेत्रफळ १४४ चौरस इंच. वर्गमूळ काढायचं म्हणजे १४४ वरून विचारायचं, एक बाजू केवढी? १२. दुसरा १२ हरवला नाही, तो फरशीच्या शेजारच्या बाजूवर आहे, आपल्याला विचारलंय एकाच बाजूचं म्हणून आपण एकदाच सांगतो. आता दादाचं √(क्ष^६) घे आणि क्षला धन समज. वहीत चौरस काढ, आतमध्ये क्ष^६ लिही. खालच्या बाजूवर किती लिहिशील? क्ष^३. मग डाव्या बाजूवर पण क्ष^३ च लिहावं लागेल, नाहीतर तो चौरस कसला? झालं की दादाला दाखव, आणि त्याने परत क्ष^१६ ला क्ष^४ लिहिलं तर त्याला पण एक चौरस काढून बाजूंवर क्ष^४, क्ष^४ लिहायला लाव आणि आतमध्ये काय येतं ते तूच विचार.